उद्यान उघडा, पण जेसीबी आत नेऊ नका

प्रति,
मराठवाड्यातील सर्व नगरपरिषदांचे सन्माननीय अध्यक्ष, मुख्याधिकारी आणि सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या शहराच्या नगरपरिषदेची एक निविदा सूचना स्थानिक दैनिकात प्रसिद्ध झाली. तळ्याकाठच्या बंद उद्यानातील ‘झाडेझुडपे काढणे, भंगार साहित्याची विल्हेवाट लावणे, जागेचे सपाटीकरण करणे व तदनंतर सुशोभीकरण करणे’ असे कामाचे वर्णन त्यात आहे. त्या एका ओळीने मला हे पत्र लिहायला बसवले आहे. शहराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कोणाला दोष देण्यासाठी हे पत्र नाही, आणि अशा निविदा काढण्याच्या तयारीत असलेली नगरपरिषद आमची एकटीचीच असेल असेही मला वाटत नाही. ज्या गावात झुकझुकगाडीचे रूळ गवतात बुडाले आहेत आणि उद्यानाच्या फाटकाचे कुलूप गंजून गेले आहे, त्या प्रत्येक गावाच्या नगरपरिषदेला हे पत्र लागू आहे असे समजावे.

मी तालुका न्यायालयात वकिली करते. या उद्यानाशी माझे नाते मात्र वकिलीच्या आधीचे आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, या उद्यानातल्या आकाशपाळण्यावर ठेकेदाराकडे चौदा वर्षे कामाला होते. मोटार सुरू करणे, बेअरिंगला ग्रीस भरणे, पाळण्यांच्या दांड्या रोज सकाळी हाताने हलवून पाहणे, हे सगळे त्यांच्याकडे होते. पण त्यांचे खरे काम माणसे बसवण्याचे होते. बाजूबाजूच्या पाळण्यांत ओळीने गर्दी भरून चालत नाही. एका पाळण्यात चार माणसे बसली की चाक अर्धे फिरवायचे आणि समोरच्या पाळण्यात तेवढ्याच वजनाची माणसे बसवायची, नाही तर जड बाजू खाली ओढते आणि मोटारीवर ताण येतो. रांगेतल्या माणसाकडे नुसते पाहून अण्णा त्याचे वजन ओळखत. शाळा सुटल्यावर मी तिकिटाच्या खिडकीशी बसून अभ्यास करत असे आणि संध्याकाळी पाळणा रिकामा झाला की एक फेरी मला फुकट मिळत असे.

त्याआधी आमच्या भागात आकाशपाळणा पाहायचा तर माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेची वाट पाहावी लागे. बागेतली कारंजी आणि रंगीत दिवे पाहायचे तर शाळेच्या सहलीबरोबर पैठणच्या ज्ञानेश्वर उद्यानात जावे लागे, आणि ज्या घरात सहलीची वर्गणी निघत नसे तिथल्या मुलांना तेही नव्हते. म्हणून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आपल्याच गावात तळ्याकाठी पाळणा उभा राहिला तेव्हा लोकांना केवढा आनंद झाला होता, हे मी विसरलेले नाही. हत्तीच्या तोंडाचे इंजिन असलेली झुकझुकगाडी होती, पायाने चालवायच्या फायबरच्या होड्या होत्या, सिमेंटचा जिराफ होता, आणि पोटावर ‘मला वापरा’ असे लिहिलेले, तोंड उघडून उभे असलेले कचऱ्याचे पेंग्विन होते. ज्यांनी ते उद्यान उभे केले त्यांनी चांगलेच काम केले होते.

ते बंद कसे पडले, यावर फार शब्द खर्च करत नाही. मोटार जळाली, ती भरण्यावरून ठेकेदार आणि कार्यालय यांच्यात पत्रव्यवहार झाला, वीजबिल थकले, आणि तळे आटून होड्या चिखलात रुतल्या. एका दिवाळीनंतर फाटक उघडले नाही. याला आता बारा-तेरा वर्षे होत आली आहेत.

या बारा-तेरा वर्षांत आत काय घडले, ते मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण निविदेतला ‘झाडेझुडपे’ हा एक शब्द ते सगळे गिळून टाकतो.

पहिल्या पावसाळ्यात हिरवळीच्या जागी तरोटा आणि गाजर गवत आले. तरोट्याची कोवळी भाजी खुडायला आमच्या गल्लीतल्या बायका भिंतीच्या खिंडारातून आत जात, म्हणून मला हे नक्की आठवते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुरमाड कडेने तरवड आणि रुई आली, आणि रुईच्या पाठोपाठ बिबळ्या कडवा ही केशरी फुलपाखरे आली, कारण त्यांच्या अळ्या रुईच्याच पानांवर वाढतात. तळ्याच्या काठाने बेशरम पसरली. भिंतीच्या खिंडारातून शेळ्या आत येत; त्यांनी बाहेर खाल्लेल्या शेंगांच्या बिया लेंड्यांतून आत पडल्या आणि वेड्या बाभळीची जाळी झाली. तोवर कडुनिंबाची रोपे कंबरेएवढी झाली होती. निंबोळ्या पाखरांनी आणल्या होत्या. निंबाची सावली धरल्यावर खाली गाजर गवताचा जोर कमी झाला आणि त्या जागी बोराटी, घाणेरी आणि गुळवेल दिसू लागली. कोणीही रोप लावले नाही, आळे केले नाही, पाण्याचा एक टँकर आत गेला नाही. मराठवाड्याने या काळात जे उन्हाळे पाहिले ते आपणा सर्वांना ठाऊक आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या वर्षीही आतला निंब वाळला नाही.

आणि पिंपळ. आकाशपाळण्याच्या सिमेंटच्या चौथऱ्याला एक उभी भेग होती. ती अण्णांच्या काळापासून होती आणि तिच्यात ते विझलेल्या उदबत्त्या खोचत. त्या भेगेत पिंपळ उगवला. पिंपळाचे फळ बुलबुल, साळुंकी, कोकीळ, तांबट असे अनेक पक्षी खातात आणि त्याचे बारीक बी त्यांच्या विष्ठेतून जिथे पडेल तिथे रुजते. त्याला माती लागत नाही, ओलाव्याची एक चीर पुरते. आज त्या पिंपळाची मुळे मोटारीच्या बैठकीवरून, जणू कोणी हाताची बोटे पसरून ठेवावीत तशी, खाली उतरली आहेत. दोन मुळांनी लोखंडी चौकटीचा खांब मधोमध धरला आहे. सर्वांत खालचा पाळणा फांद्यांच्या आत गेला असून तो आता हलत नाही. चैत्रात त्या पिंपळाला तांबूस पालवी फुटते तेव्हा पाळण्याचा उरलासुरला लाल रंग आणि पालवीचा रंग भिंतीबाहेरून वेगळे ओळखू येत नाहीत.

तिकिटाच्या ज्या खिडकीशी मी अभ्यास केला, तिच्या वरच्या झरोक्यात पिंगळ्यांची जोडी आहे. सूर्य मावळला की दोघेही बाहेर येऊन जिराफाच्या मोडक्या मानेतून निघालेल्या सळईवर बसतात. पेंग्विनच्या उघड्या तोंडात साळुंकीने घरटे केले आहे. होड्यांच्या धक्क्यावर झुकलेल्या बाभळींना दर पावसाळ्यात सुगरणींची घरटी लागतात. मागच्या श्रावणात मी भिंतीवरून मोजली तेव्हा ती एकतीस होती, त्यांतली काही अर्धवट सोडलेली. नर अर्धे घरटे विणून थांबतो, मादीने येऊन पसंत केले तरच पुढे विणतो, आणि आतून ओल्या मातीचे गोळे लिंपतो. शेजारच्या उसाच्या फडातून पानाची लांबच लांब धांदोटी चोचीत धरून तो तळ्यावरून येताना मी पाहिला आहे. हे सगळे बसस्थानकापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

सुशोभीकरण हा शब्द आपल्या कार्यालयांत रोज वापरला जातो. त्याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते आपण सर्वांनी पाहिले आहे: जमीन सपाट करायची, पेव्हर ब्लॉक बसवायचे, मधोमध कारंजे, कडेने लॉन आणि शोभेचे पाम. पण लॉनला रोज पाणी लागते. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, आणि उन्हाळ्यात त्याचीही खात्री नसते. जी नगरपरिषद माणसांना रोज पाणी देऊ शकत नाही तिने गवताला रोज पाणी देण्याचे कंत्राट काढू नये, असे मला मनापासून वाटते. दोन वर्षांनी पाणी तुटते, लॉन पिवळे पडते, कारंज्याची मोटार जळते, आणि आपण पुन्हा त्याच कुलपाशी येऊन उभे राहतो. उलट जे रान पाण्याविना आपोआप उभे राहिले आहे, ते उपटण्यासाठी आपण पैसे मोजणार आहोत.

राज्यात सर्वांत कमी वन असलेल्या जिल्ह्यांची नावे घेतली जातात तेव्हा लातूरसारखी आपली नावे त्यांत असतात. बीड जिल्ह्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे, धाराशिवमध्ये येडशी रामलिंग घाट आहे, आणि जायकवाडीच्या जलाशयावर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पण या जागा गाडीभाडे खर्चून जायच्या आहेत. तालुक्याच्या गावातल्या मुलाला दप्तर पाठीवर असताना जाता येईल असे रान आपल्याकडे नाही. आमच्याकडे ते झाले आहे, कुलपाच्या आत.

बंद पडलेल्या उद्यानांत रान शिरणे ही गोष्ट जगात नवी नाही. युक्रेनमधील प्रिप्यात शहराचे उद्यान १ मे १९८६ रोजी सुरू व्हायचे होते. २६ एप्रिलला शेजारच्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला, दुसऱ्या दिवशी शहर रिकामे करण्यात आले, आणि पिवळ्या पाळण्यांचे ते चाक पुढे झाडांच्या वेढ्यात उभे राहिले. त्या शहराचे दुःख वेगळे आहे आणि आपल्या थकलेल्या वीजबिलाशी त्याची तुलना करणे योग्य नाही. पण माणसाचा पाय, फवारणीचा पंप आणि गवत कापण्याचे यंत्र थांबले की झाडे किती वेगाने येतात, ते तिथे दिसते. जपानमधील नारा ड्रीमलँड १९६१ मध्ये सुरू झाले आणि २००६ मध्ये बंद पडले. पुढची दहा वर्षे तिथल्या लाकडी रोलर कोस्टरवर वेली चढत राहिल्या, आणि २०१६ मध्ये ते पाडायला घेतले गेले. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सचे मोठे उद्यान २००५ च्या कतरिना चक्रीवादळात पाण्याखाली गेले ते पुन्हा उघडले नाही. बहुतेक ठिकाणी शेवट एकच झाला आहे, पाडणे आणि सपाट करणे.

बर्लिन शहराने मात्र दोनदा वेगळा निर्णय घेतला, आणि तो आपल्या नगरपरिषदांनी लक्षपूर्वक पाहावा असा आहे. तिथले श्प्रेपार्क हे करमणुकीचे उद्यान पूर्व जर्मनीच्या काळात, १९६९ मध्ये, एका वनराईच्या कडेला सुरू झाले आणि २००१ च्या हंगामानंतर बंद पडले. पाळणा, रूळ, डायनासोर सगळे झाडीत गेले. २०१४ मध्ये शहराने जागा परत ताब्यात घेतली, आणि सपाटीकरण करण्याऐवजी झाडी व जुन्या यंत्रांचे अवशेष यांच्यासह तिथे कला आणि निसर्ग यांचे उद्यान करायचे ठरवले. ४५ मीटर उंचीचा आकाशपाळणा २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी रीतसर उतरवून घेतला. दुसरी जागा त्याहून आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. बर्लिनच्या दक्षिणेला रेल्वेचे एक मोठे यार्ड होते. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराची फाळणी झाली आणि १९५२ च्या सुमारास तिथली वाहतूक जवळजवळ थांबली. रुळांमध्ये भूर्ज, म्हणजे आपण ज्याला भूर्जपत्र म्हणतो त्याच कुळातली झाडे, उगवली. पुढे तिथे मालगाड्यांचे नवे स्थानक करण्याचा बेत आला तेव्हा नागरिकांनी विरोध केला, आणि २००० मध्ये सुमारे १८ हेक्टरची ती जागा निसर्गउद्यान म्हणून लोकांसाठी उघडली गेली. तिथे जुने रूळच वाटा झाले आहेत, आणि जिथे जमीन नाजूक आहे तिथे थोडी उंच लोखंडी जाळीची पायवाट केली आहे, म्हणजे माणूस रानातून चालतो आणि रान पायाखाली येत नाही.

परदेशातली उदाहरणे आपल्याला परवडणारी नाहीत असे कोणी म्हणेल, म्हणून मुंबईचे सांगते. मिठी नदीच्या काठी, धारावीच्या लगत, सुमारे ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ती जागा पूर्वी कचऱ्याचा डेपो होती. १९८३ मध्ये डॉ. सालिम अली यांच्या हस्ते तिथे पहिले झाड लागले आणि १९९४ मध्ये ते उद्यान लोकांसाठी खुले झाले. तिथे कचऱ्यावर माती टाकून एकेक झाड लावावे लागले. आपल्याकडे तेवढेही करायचे नाही; झाडे लागलेली आहेत.

आणि आपल्या घरचे उदाहरण तर सर्वांत जुने आहे. अजिंठ्याची लेणी शेकडो वर्षे वाघूर नदीच्या खोऱ्यातल्या झाडीत होती. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला त्या झाडीआडून एका लेण्याची कमान दिसली. परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याची हेमाडपंती मंदिरे किंवा वालूरची गोल फिरत खाली उतरणारी बारव पाहायला गेलो की दगडांच्या सांध्यांत पिंपळ-उंबराची रोपे दिसतात, आणि ती काढलीच पाहिजेत असे माझे ठाम मत आहे, कारण तो दगड पुन्हा घडवता येणार नाही. तिथे मी दगडाच्या बाजूची आहे. आमच्या पाळण्याच्या बाबतीत मी झाडाच्या बाजूची आहे. लोखंडी चाक कोणत्याही कारखान्यातून पुन्हा आणता येते. तेरा वर्षांचा पिंपळ आणि त्याच्याभोवती जमलेली वस्ती कोणत्याही निविदेतून येत नाही.

आता आक्षेपांकडे वळते, कारण ते खरे आहेत आणि माझ्याच गल्लीतल्या लोकांनी ते मला तोंडावर सांगितले आहेत.

पाळणा धोकादायक आहे, यात शंका नाही. दोन वर्षांपूर्वी वादळात वरचा एक पाळणा निखळून पडला. तेव्हा आत कोणी नव्हते, हे आपले नशीब. मुले भिंतीवरून उड्या मारून आत जातात, गंजक्या जिन्यावर चढतात, आणि एक मुलगा पायात सळई घुसून दवाखान्यात गेला होता. म्हणून लोखंड काढले पाहिजे, आणि ते सर्वांत आधी काढले पाहिजे. साचलेल्या पाण्याचेही तसेच. फायबरच्या उलथ्या-पालथ्या होड्यांमध्ये पावसाचे स्वच्छ पाणी साठते आणि डेंग्यूचा एडिस डास अशाच पाण्यात अंडी घालतो. त्या होड्या उचलून नेणे हे एका ट्रॅक्टरचे, एका दिवसाचे काम आहे. कारंज्याच्या हौदात आरोग्य विभागाकडचे गप्पी मासे सोडता येतात. साप आहेत. धामण मी स्वतः पाहिली आहे, नाग-घोणस नसतील असे मी म्हणणार नाही. पण मोकळी, रुंद आणि रोज झाडलेली पायवाट असेल आणि अंधार पडण्याआधी फाटक बंद होत असेल तर माणूस आणि साप दोघेही सुरक्षित राहतात. रात्री आत दारू पिणाऱ्यांची बैठक भरते, हा बायकांचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ती बैठक झाडांमुळे भरत नाही, कुलूप आणि अंधार यांमुळे भरते. दिवसभर फाटक उघडे राहिले, पहारेकरी असला आणि मुलांची वर्दळ असली तर ती तिथे टिकणार नाही.

सगळीच झाडी जपावी असेही माझे म्हणणे नाही. वेडी बाभूळ ही बाहेरून आलेली आहे, ती दुसऱ्या झाडांना वर येऊ देत नाही, आणि तिचा काटा चपलेच्या तळव्यातून आरपार जातो. ती टप्प्याटप्प्याने, मुळासकट काढावी. नुसती कापली तर दुप्पट फुटते. गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटावे. घाणेरी आटोक्यात ठेवावी. फक्त धक्क्यावरच्या, पाण्यावर झुकलेल्या तीन-चार बाभळी सुगरणींसाठी राहू द्याव्यात. हे काम जेसीबीचे नाही. जेसीबीच्या पंज्याला वेडी बाभूळ आणि कडुनिंब यांतला फरक कळत नाही. तो कुदळ-कोयता घेतलेल्या, झाड ओळखणाऱ्या चार माणसांना कळतो, आणि ती माणसे आपल्या गावात आहेत.

कायद्याबद्दल थोडे बोलणे माझे कर्तव्य आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नगरपरिषदांनाही लागू आहे. त्यानुसार झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहणी करावी लागते, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि तोडायच्या झाडावर ठळक दिसेल अशी सूचना लावावी लागते. ‘झाडेझुडपे काढणे’ अशी सरसकट नोंद करून, झाडांची संख्या आणि जाती न देता काम देणे या तरतुदींत बसत नाही. २०२१ च्या सुधारणेनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे भरपाई म्हणून लावण्याची तरतूद आली आहे. म्हणजे बारा वर्षांच्या एका निंबाबद्दल बारा रोपे. आतल्या निंबांची मोजणी केली तर ती रोपे लावायला आणि जगवायला गावात जागा आणि पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न लगेच उभा राहील. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी व घरटी विस्कटणे येते. आणि जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. ती नोंदवही उघडून त्यात या जागेचे एक पान आहे का, ते कृपया पाहावे. नसल्यास निविदा उघडण्यापूर्वी ते लिहावे. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. ते उद्यान १८७३ चे, जुने आणि मोठे आहे, आमची जागा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण शहरातले उद्यान कायद्याच्या दृष्टीने जपण्याजोगे असू शकते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

माझी मागणी त्यामुळे मोठी नाही. निविदेतून सपाटीकरण आणि सरसकट झाडतोड वगळावी. पाळणा, झुकझुकगाडीचे डबे आणि होड्या सुरक्षितपणे काढून त्यांचा लिलाव करावा; भंगाराला जो भाव येईल त्यातून भिंतीचे खिंडार बुजवता येईल, फाटक दुरुस्त होईल आणि पहारेकऱ्याचे काही महिन्यांचे वेतन निघेल. झुकझुकगाडीचे रूळ काढू नयेत. ते उद्यानाला पूर्ण वळसा घालतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना आधीच मोकळी पट्टी आहे, आणि तीच उत्तम पायवाट होईल. पेव्हर ब्लॉक नकोत, मुरूम पुरे. हातपंप दुरुस्त करावा, स्वच्छतागृह बांधावे, तेही मुलींसाठी वेगळे. जागोजागी झाडांच्या नावांच्या पाट्या लावाव्यात. त्या लिहून देण्याचे काम इथल्या शाळांची मुले आनंदाने करतील. सुगरणींची वीण पावसाळ्यात असते, म्हणून लोखंड उतरवण्याचे काम दिवाळीनंतर घ्यावे.

पाळणा उतरवण्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. गॅस कटर लावून खालून खांब कापले तर चाक पिंपळावर कोसळेल, आणि कामगारांच्याही जिवावर बेतेल. अण्णांना मी निविदेची बातमी वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “समोरासमोरचे पाळणे जोडीनं काढा म्हणावं, माय. एका बाजूचे काढले तर चाक आपोआप फिरंल आणि माणूस अडकंल.” पाळणे जोडीने, मग आरे एकाआड एक, शाफ्ट शेवटी, आणि पिंपळाने धरलेला खांब ओढायचा नाही, तो मुळांच्या वर कापून खालचा तुकडा तिथेच राहू द्यायचा. असा सगळा क्रम त्यांनी मला माझ्याच वहीच्या पाठीमागच्या पानावर काढून दिला आहे. त्या चाकाला लागणाऱ्या पान्यांचा संच त्यांच्याकडे अजून आहे. तो ठेकेदाराचा नव्हता, त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतला होता. आपण स्थळपाहणीचा दिवस ठरवून कळवावा, ते यायला तयार आहेत. त्यांचे गुडघे दुखतात आणि भिंतीवरून चढता येत नाही, म्हणून त्या दिवशी मुख्य फाटकाचे कुलूप उघडण्याची व्यवस्था मात्र कार्यालयाने करावी.

कळावे,
आपली विश्वासू,
पाळणेवाल्या अण्णांची मुलगी